सोपाननं जपानचं पाणी बंद केलं

"पाणी गेलं! अहो, पाणी गेलं!"

सकाळचे पावणेसात झाले होते. हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरच्या बोळात आमचे नगराध्यक्ष अण्णा घाटगे उभे होते. कमरेला टॉवेल, अंगभर साबण, एक डोळा मिटलेला, आणि उघड्या डोळ्यात असा आनंद की जसं काही आमदारकीचं तिकीट आलंय.

"अर्जकाका, बाहेर या! बघा. जपानात पाणी गेलंय. लिहून घ्या तुमच्या वहीत. आम्हाला बारा वर्षं शिव्या घालताय ना? हे बघा, इथंसुद्धा जातंय!"

"अण्णा, डोळा झोंबत असेल."

"झोंबू दे हो. देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

समोरच्या खोलीतून उपनगराध्यक्ष बाहेर आले. तोंडात ब्रश, ओठांवर फेस. ते एवढंच म्हणाले, "टँकर सांगा."

मी वही काढली नाही. कारण पाणी कुणी घालवलं, कुठून घालवलं आणि किती आटे फिरवून घालवलं, हे त्या अख्ख्या हॉटेलात दोघांनाच माहीत होतं. एक मी. दुसरा आमचा व्हॉल्व्हमन सोपान खिलारे. तो खाली लॉबीत खुर्चीच्या कडेवर बसून साहेब लोक धावत यायची वाट बघत होता.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्या शहराचं नाव मी सांगणार नाही, त्यांची काही चूक नव्हती. आमच्या गावाचं नाव पिंपळखिंड. वस्ती तीस हजार, नगरपरिषद एक, पाणी दिवसाआड. मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस, अच्युत रेडकर. पण गावात मला अर्जकाका म्हणतात, कारण माहितीच्या अधिकारात मी तोवर त्रेसष्ट अर्ज टाकले होते आणि त्यातले एकेचाळीस पाण्याचे होते.

त्या जपानी शहरानं आमच्याशी मैत्री जोडली होती. कुठल्याशा योजनेत चिठ्ठी टाकून गावं निवडली म्हणे, आणि लागली आमची. पत्र आलं, सात जण या, आमचा पाणीपुरवठा बघा, खर्च आमचा. अण्णांनी लगेच सात नावं काढली, सगळी आपल्याच माणसांची. पण पत्रात खाली दोन अटी होत्या. एक, सातांत एक साधा नागरिक हवा. दोन, जो माणूस रोज स्वतःच्या हातानं पाणी सोडतो, तो हवाच हवा.

पहिली अट अण्णांनी मला घालून भागवली. "काका, चला. एकदा बघून या, म्हणजे तोंड बंद होईल," असं ते तोंडावर म्हणाले. दुसऱ्या अटीत त्यांनी मेव्हण्याला बसवला. जपान्यांनी काम करतानाचा फोटो मागितला. मेव्हण्याचा फोटो गेला, सफारी, काळा गॉगल, हात व्हॉल्व्हवर. आठ दिवसांत अत्यंत नम्र भाषेत उत्तर आलं की फोटो सुंदर आहे, मात्र फोटोतल्या गृहस्थांनी जे धरलंय ते व्हॉल्व्ह नसून शेजारच्या बोअरिंगचं हँडल आहे, तरी कृपया खुलासा व्हावा.

मग सोपानला पर्याय उरला नाही. म्हणजे अण्णांना उरला नाही.

सोपान एकोणीस वर्षं रोजंदारीवर होता. त्याला कायम करायची फाईल अण्णांच्या टेबलावर होती, फक्त सहीला. निघायच्या आधी अण्णांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दौऱ्यात तोंड उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. नीट परत आलास की त्या दिवशी सही. नाहीतर फाईल कुठं गेली, मला माहीत नाही." हे त्यानंच मला विमानात सांगितलं. त्याच्या बायकोनं कायमच्या ऑर्डरसाठी नवस बोललेला होता, आणि एकोणीस वर्षांत नवसाच्या नारळांचं तोरण होत आलं होतं.

विमानात आम्ही शेजारी शेजारी होतो आणि पहिले चार तास एकमेकांशी बोललो नाही. साहजिक होतं. माझ्या एकेचाळीस अर्जांत तोच आरोपी होता. "आमच्या ब्राह्मण आळीत पाणी वीस मिनिटं उशिरा का येते, जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव द्यावे." शेवटी त्यानंच सुरुवात केली.

"काका, तुमचं अक्षर लई चांगलं हाय."

"तू कुठं बघितलंस?"

"समदे अर्ज माझ्याकडंच हायती की. तुमी सायबाला देताय. सायेब वर लिवतोय, 'संबंधिताने खुलासा करावा.' संबंधित म्हंजी मीच."

"मग खुलासा का केला नाहीस?"

"केला की. दर येळंला. तुमच्या आळीच्या तोंडाला पाइप फुटलाय, अर्धं पाणी जिमिनीत जातंय, असं एकेचाळीस बार लिवून दिलंय. वाचलं कुनी?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीतून ढगांकडे बघितलं. बारा वर्षं ज्या माणसाला मी पत्र लिहीत होतो, तो दर वेळी मला उत्तर देत होता, आणि दोघांच्या मधे टपाल खातं नव्हतं, नगरपरिषद होती.

जपानात दोन दिवस आम्हाला सगळं दाखवलं. पाण्याच्या खात्याचे प्रमुख होसोदा म्हणून गृहस्थ होते, साठीला टेकलेले, किरकोळ, कपाळावर हेल्मेटचा कायमचा वळ. दुभाषी आमच्या पुण्याची पोरगी, मृण्मयी. होसोदा सांगत होते की त्यांच्या शहरात गळती जवळजवळ नाहीच. अण्णा मान डोलवत होते आणि हळूच मला विचारत होते, "दुपारी भात आहे का नुसतंच ते कच्चं?" सोपान मात्र प्रत्येक व्हॉल्व्हजवळ उकिडवा बसायचा. दुसऱ्या संध्याकाळी निरोपसमारंभ झाला. नगरसेवकांना पंखे आणि मानपत्रं मिळाली. सोपानसाठी होसोदांनी स्वतः लाकडी पेटी आणली. आत व्हॉल्व्ह फिरवायची चावी होती, मांडीएवढी लांब, एका टोकाला झाकण उचलायचा आकडा, दांड्यावर त्याचं नाव कोरलेलं. सोपाननं ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. अण्णा पुटपुटले, "याला काय, लोखंडच दिलं."

तिसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. पहाटे जाग आली म्हणून सहाला मी फिरायला खाली उतरलो. लॉबीत सोपान होता. हातात ती पेटी.

"झोप न्हाई आली, काका. म्हनलं जरा चक्कर मारू."

"पेटी कशाला?"

"खोलीत ठिवून गेलो आन् कुनी नेली तर?"

हॉटेलच्या दारात पाहुण्यांसाठी छत्र्यांचं स्टँड होतं. आभाळ आलं होतं. त्यानं एक लांब छत्री घेतली. पावसासाठी नव्हती घेतली, हे मला दहा पावलांवर कळलं. गळती ऐकायची त्याची लोखंडी सळई मुंबईला विमानतळावर हत्यार म्हणून काढून घेतली होती, आणि तेव्हापासून हा माणूस हात तुटल्यासारखा वागत होता. फुटपाथवर एक लोखंडी झाकण दिसलं. त्यानं छत्रीचं टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"सोपान, उठ. लोक बघतील."

"शूऽऽ."

"अरे, त्यांच्याकडे गळती नसते. परवा तासभर सांगितलं ना?"

"काका, हितं बसा. ऐका."

आता मी पोस्टातला माणूस. परदेशात फुटपाथवर गुडघे टेकून छत्री कानाला लावायची वेळ येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं पत्र पत्ता अपूर्ण म्हणून परत केलं असतं. पण बसलो. आधी काही नाही. मग लांबून कुणीतरी दात मिटून श्वास घेतल्यासारखं, सुंऽऽऽ.

खरं सांगू का? मला आनंद झाला. अण्णांना नंतर झाला तोच. जपानात खोट सापडली!

तेवढ्यात सोपाननं पेटी उघडली, आकड्यानं झाकण उचललं, चावी बसवली आणि आटे मोजत फिरवायला लागला. "येक... दोन... तीन..."

"अरे, काय करतोस!"

"बंद करतोय. चार... पाच..."

"आधी त्यांना सांग की!"

तो थांबला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं शेतकरी शहरातल्या भाच्याकडे बघतो. "काका, आदी सांगितलं तर कुनी येतंय का? तुमी एकेचाळीस बार सांगितलं, आलं कुनी? आदी बंद करायचं. पानी बंद झालं की बायका भांडी घिऊन नगरपालिकेत जात्यात, मग सायबापातुर समदे पळत येत्यात. मग दाखवायचं. सा... सात..."

चौदा आटे. आवाज थांबला. सोपाननं झाकण लावलं, चावी फडक्यानं पुसून पेटीत ठेवली, छत्री स्टँडला लावली, आणि लॉबीत जाऊन बसला. मी वर खोलीत आलो. आमच्या गावी तो समोरच्या पानटपरीवर बसतो. इथं टपरी नव्हती.

हॉटेलच्या टाकीतलं होतं ते वीस-पंचवीस मिनिटांत संपलं आणि अण्णांच्या अंगावर साबण राहिला.

पुढं जे झालं ते इतक्या लवकर झालं की मला घाम पुसायलासुद्धा वेळ मिळाला नाही. खिडकीतून बघितलं तर दोन गाड्या येऊन थांबल्या. पाणी गेल्यापासून नऊ मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, जुनी सवय. गाडीतून होसोदा उतरले, हेल्मेट घालून, आणि त्यांच्या लोकांनी रस्त्यावरची झाकणं तपासायला सुरुवात केली. झाकणाशेजारी चावीचा ताजा ओरखडा होता. कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवलाय, हे त्यांना तिथंच कळलं, पण का फिरवलाय ते कळेपर्यंत त्यांनी तो उघडला नाही.

सोपान वर आला तो हसतच. "अण्णा, आले! नऊ मिन्टात आले! म्या बंद केलं, आन् नऊ मिन्टात..."

अण्णांचा आनंद जागच्या जागी वाळला. साबणासकट. त्यांनी सोपानला खोलीत ओढला, मला ओढला, दार लावलं.

"काय केलंस? तू बंद केलंस?"

"गळती हाय, अण्णा."

"गळतीच्या... अरे, हे परराष्ट्र आहे! इथं आत टाकतात! उद्या पेपरला बातमी, पिंपळखिंडच्या नगराध्यक्षानं जपानचं पाणी तोडलं. माझं तिकीट गेलं म्हणून समज." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आवाज एकदम तुपातला झाला. "काका, तुम्ही आमचे नागरिक प्रतिनिधी. तुमची सही म्हणजे जनतेची सही. एक चार ओळींचं निवेदन लिहितो. सकाळी सहा ते सात सर्व सदस्य नाश्त्याच्या हॉलमध्ये हजर होते. बस्स."

"अण्णा, मी..."

"तुमच्या आळीची नवी लाईन. सहा इंची. गेल्या गेल्या नारळ फोडतो. आईशप्पथ." त्यांनी गळ्याला हात लावला. हात साबणानं घसरला. "आणि तू, सोपान. फाईल टेबलावर आहे. तोंड उघडलंस तर एकोणीस वर्षं पाण्यात."

सोपान खाली बघत होता. माझ्यापुढे हॉटेलचा कागद होता, वर हॉटेलचं सुरेख चित्र छापलेलं. बारा वर्षं मी त्या लाइनीसाठी भांडलो होतो. आमच्या आळीत सत्तावीस घरं, पैकी नऊ घरांत फक्त म्हातारी माणसं, हंडे वर नेणारं कुणी नाही. मी स्वतःला म्हटलं, त्यांच्यासाठी. असं कायम म्हणता येतं, कुणासाठी तरी.

मी सही केली. स्वच्छ, पूर्ण नावानिशी, खाली तारीख.

खाली लॉबीत होसोदा हेल्मेट काढून उभे होते. मागं त्यांचे सहा लोक ओळीत. आम्ही लिफ्टमधून बाहेर पडलो तसे सातही जण कमरेत वाकले. अण्णांना वाटलं, वाकण्यात कमी पडलो तर संशय येईल. तेही वाकले. होसोदा उठू लागले, बघितलं तर पाहुणा अजून वाकलेला, म्हणून पुन्हा वाकले. अण्णा उठले, समोरचा वाकलेला, म्हणून अण्णा पुन्हा. असं पाच वेळा झालं. सहाव्याला अण्णांची कंबर धरली आणि ती मैत्री तिथं संपली.

होसोदा बोलले, मृण्मयीनं सांगितलं. "पाहुण्यांच्या अंघोळीच्या वेळी पाणी गेलं, याची मी मनापासून माफी मागतो. या रस्त्यावर एकशेबारा घरं आणि दुकानं आहेत, एक दवाखाना आहे. तिथंही मी आत्ता जाणार आहे."

अण्णा कंबर चोळत म्हणाले, "छे छे, होतं असं. आता कुणाला सस्पेंड करणार?"

"कुणाला नाही. अहवालात जबाबदार म्हणून माझं नाव लिहिणार."

"पण तुम्ही तर काहीच केलेलं नाही!"

होसोदांना प्रश्नच कळला नसावा. त्यांनी मृण्मयीला पुन्हा विचारलं आणि मग शांतपणे उत्तर दिलं. ती म्हणाली, "ते म्हणतात, पाणी माझं होतं."

अण्णांनी घाईनं माझं निवेदन काढलं. परवा तिथं शिकवलं होतं, कागद दोन्ही हातांनी द्यावा. तसा दिला. होसोदांनी दोन्ही हातांनी घेतला आणि एक अक्षर कळत नसताना वरपासून खालपर्यंत मान देऊन बघितला, एखाद्या घरच्या लग्नाची पत्रिका बघावी तसा. मग मृण्मयीकडे दिला.

मृण्मयी वाचायला लागली. "सकाळी सहा ते सात या वेळेत शिष्टमंडळाचे सर्व सदस्य..."

"सायेब, म्या बंद केलं."

सोपान पुढं आला होता. पेटी उघडून चावी दोन्ही हातांवर आडवी धरली होती.

"मृण्मयीताई, हे सांगू नका त्यांना," अण्णा हसऱ्या चेहऱ्यानं, दातांतून म्हणाले. "याला बरं नाही. विमान लागलंय."

"सांगा, ताई," सोपान म्हणाला. "म्हनावं, चौदा आटे फिरवलं. म्हनावं, तुमचं नाव लिवू नका. माझं लिवा. सोपान मारुती खिलारे, पानीपुरवठा."

"सोपान, फाईल!"

"ऱ्हाऊ दे, अण्णा. त्यो मानूस न केल्याचं घेतोय. म्या केल्यालं बी घिऊ नगं व्हय?"

मृण्मयीच्या हातात माझा कागद तसाच होता. ती माझ्याकडे बघत होती. खाली माझं नाव होतं ना. होसोदांनी काहीतरी विचारलं आणि बोट त्या सहीवर ठेवलं.

त्रेसष्ट अर्ज. प्रत्येकात एकच प्रश्न, जबाबदार कोण, त्याचे नाव द्यावे. आणि पहिल्यांदा कुणीतरी तोच प्रश्न मला विचारला होता. दौऱ्यावर आलेल्या सात जणांत खोटी सही करणारा एकटा मीच निघालो. अण्णासुद्धा नाही. अण्णांनी सही केलीच नव्हती, ते हुशार आहेत.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "मजकूर खोटा आहे. मी याच्याबरोबर होतो. छत्री मीही कानाला लावली होती."

मृण्मयीनं सगळं सांगितलं. अण्णा छताकडे बघत होते. होसोदांनी एकच गोष्ट विचारली. "कुठली छत्री?"

दहा मिनिटांनी त्या फुटपाथवर जे चाललं होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, पाणी सुरू झालं. होसोदांनी आधी त्यांची स्वतःची ऐकायची काठी लावली. मग कोट-टायसकट रस्त्यावर गुडघे टेकले आणि सोपानची छत्री लावून ऐकलं. मग एकेकाला बोलावलं. बाकीच्यांनी हॉटेलच्या छत्र्या आणल्या. सकाळच्या वर्दळीत पाण्याच्या खात्याची सात माणसं फुटपाथवर ओणवी होऊन छत्र्या कानाला लावून बसली होती आणि शाळेत निघालेली पोरं त्यांना वळसा घालून जात होती. शेवटी होसोदा उठले, गुडघे न झटकता सोपानसमोर आले आणि वाकले.

गळती होती. बारीक, दवाखान्याच्या दारातल्या जोडाला. त्या रस्त्याची तपासणी पुढच्या महिन्यात व्हायची होती.

मग त्यांचा चेहरा कडक झाला. "पण न सांगता बंद करणं चूक आहे. समोर दवाखाना आहे. आधी सांगायचं होतंत."

सोपान मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, सायेब. दवाखाना म्हाईत नव्हता. आमच्याकडं आदी सांगितलं तर कुनी येत न्हाई, म्हून सवय."

होसोदांनी विचारलं, "सांगितल्यावर का येत नाहीत?"

सोपाननं माझ्याकडे बघितलं. मी उपनगराध्यक्षांकडे. उपनगराध्यक्षांनी अण्णांकडे. अण्णा बुटाची लेस बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात चपला होत्या.

होसोदांना वाटलं भाषांतर चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मृण्मयी म्हणाली, "सर, भाषांतर बरोबर आहे."

मग ते दारोदार निघाले, आणि सोपान त्यांच्याबरोबर निघाला. मीही गेलो. पहिल्या दारात होसोदा काय बोलायचं ते बोलले आणि वाकले. सोपाननं हात जोडले. "माफी असावी, माऊली. म्या बंद केलं व्हतं." दार उघडणाऱ्या आजीबाईंना काही कळलं नाही, पण त्याही वाकल्या. तिसऱ्या दारापर्यंत अण्णा फोटोसाठी होते. चौथ्याला त्यांची कंबर पुन्हा बोलली. एका सोयाच्या पनीरच्या दुकानात पाण्यावाचून सकाळचा सगळा माल अडला होता. दुकानदारीण जरा तावातावानं बोलली. सोपाननं मृण्मयीला भाषांतर विचारलंसुद्धा नाही. ऐकून घेतलं, आणि जाताना म्हणाला, "आमच्या बायका असंच बोलत्यात. खरंच बोलत्यात." एकशेबारा दारं झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. सोपानचा शर्ट पाठीला चिकटला होता. होसोदांचाही.

विमानात अण्णा आमच्याशी बोलले नाहीत. गावी पोचल्यावर नारळ फुटला नाही, आणि सोपानची फाईल, अण्णांनी शब्द दिला होता तशी, कुठं गेली ते त्यांना माहीत नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. तिचं बरोबर होतं.

सोपानच आतून बाहेर आला. "काका, मोकळं वाटतंय. रोजंदारी तर रोजंदारी. कामाला कोन न्हाई म्हनतंय?"

दोन महिन्यांनी नगरपरिषदेत जपानहून जाड पाकीट आलं. चौदा पानी अहवाल, सोबत पिंपळखिंडच्या सोयीसाठी मराठी भाषांतर, मृण्मयीचं. पाणी किती वाजता गेलं, किती वाजता आलं, कुठल्या दारात कोण काय बोललं, सगळं. जबाबदार अधिकारी, होसोदा. गळती शोधणारा कर्मचारी, सोपान मारुती खिलारे. पूर्वसूचना न देता व्हॉल्व्ह बंद करणारा कर्मचारी, तोच. आणि शेवटच्या पानावर एक रिकामा चौकोन. "सदर कर्मचाऱ्याबाबत आपल्या नगरपरिषदेने केलेली कार्यवाही कृपया येथे नमूद करावी. प्रत दोन्ही देशांच्या वकिलातींस रवाना."

आमच्या नगरपरिषदेत कागदाला कधी कुणी भीत नाही. पण वकिलात म्हटल्यावर हेडक्लार्कनं चहा टाकून दिला. कार्यवाही करायची म्हणून सोपानचं सेवापुस्तक शोधायला गेले, तर सेवापुस्तकच नाही. रोजंदारीवाल्याचं कुठलं असणार? मस्टरवर तो कंत्राटदाराच्या मजुरांत, आणि तिथंही नाव 'सोपान व इतर'. म्हणजे जपान्यांच्या खर्चानं नगरपरिषदेनं कर्मचारी म्हणून जो माणूस नेला, तो नगरपरिषदेत नव्हताच. कारवाई करायची तर आधी तो असायला हवा.

खास सभा लागली. प्रेक्षकांत मी होतो. उपनगराध्यक्षांनी विचारलं, "मागच्या तारखेनं कायम केला आणि मग पुढच्या तारखेनं ताकीद दिली तर?" मग अण्णांनी पेन काढलं. एकमतानं ठराव झाला. सोपान खिलारे एकाच दिवशी कायम झाला आणि त्याला लेखी ताकीदही मिळाली. चौकोन भरला.

ताकिदीचा कागद त्यानं मला आणून दाखवला, कायमच्या ऑर्डरीच्या आधी. "ह्यावर माझं पुरं नाव हाय, काका. मारुतीसकट."

आमच्या आळीला नवी लाईन आजतागायत झालेली नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ सांगतो. आळीत गडबड उडाली. कुणीतरी ओरडलं, "नगरपालिकेचा माणूस चावी घेऊन आळीत शिरलाय!" धाड पडली असं समजून लोकांनी नळाला लावलेल्या चोरट्या मोटारी सोडवून पलंगाखाली ढकलल्या. शेजारचे फडणीस तर मोटारीवर सतरंजी टाकून वर बसले आणि जपमाळ ओढायला लागले.

माझं दार वाजलं. सोपान होता. नवा खाकी शर्ट, खांद्यावर ती चावी.

"काका, उद्या दहा ते बारा पानी बंद ऱ्हाईल. तोंडाचा फुटका पाइप काढतोय, सायबाकडनं जोड मिळालाय. तरास हुईल. माफी असावी." आणि तो कमरेत वाकला. चांगला, जपानी वाकला.

साठ वर्षं या आळीत राहतोय. पाणी न येण्याबद्दल माझ्या दारात येऊन बोललेला तो पहिला माणूस.

"आत ये. चहा टाकतो."

"नगं, काका," तो म्हणाला आणि फडणिसांच्या दाराकडे वळला. "अजून सव्वीस दारं ऱ्हायलीत."